रेड वाइन निवळणे व हवा देणे

रेड वाइन निवळणे व हवा देणे म्हणजे बाटलीतील रेड वाइन पिण्यासाठी देण्यापूर्वी दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतून घेण्याची क्रिया होय. इंग्रजीवरून या क्रियेस डिकँटिंग असे म्हणतात आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रुंद तळाच्या, अरुंद मानेच्या काचपात्रास डिकँटर म्हणतात. या एकाच क्रियेमागे दोन निरनिराळे हेतू असतात. पहिला हेतू बाटलीच्या तळाशी साचलेला गाळ वेगळा करून वाइन निवळून घेण्याचा असतो. तो मुख्यतः जुन्या वाइनच्या बाबतीत संभवतो. दुसरा हेतू वाइनचा हवेशी संपर्क घडवून तिचा गंध मोकळा करण्याचा असतो. तो मुख्यतः तरुण, तुरट वाइनच्या बाबतीत संभवतो. जी हवा तरुण वाइनला उपकारक ठरते तीच जुन्या वाइनचा नाजूक गंध काही मिनिटांत घालवू शकते. म्हणून या दोन हेतूंतील भेद ओळखणे हा या क्रियेतील सर्वांत महत्त्वाचा भाग समजला जातो.

महाराष्ट्रात घरी प्यायली जाणारी रेड वाइन बहुतांशी तरुण असते व तिच्यात गाळ अल्प असतो. त्यामुळे येथे हवा देणे हाच हेतू अधिक वेळा लागू पडतो. मात्र धाराशिव जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात वाइनचे तापमान हा घटक हवेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक निर्णायक असतो.

संज्ञा

मराठीत गढूळ पाणी स्थिर ठेवून वरचे स्वच्छ पाणी काढून घेण्याच्या क्रियेस ‘निवळणे’ म्हणतात व अशा स्वच्छ पाण्यास ‘निवळ’ म्हणतात. शालेय विज्ञानात मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतींमध्ये हीच क्रिया शिकवली जाते. वाइनमधील गाळ वेगळा करणे हा तिचाच एक प्रकार आहे. हवा देण्याच्या क्रियेस वाइनच्या संदर्भात ‘श्वास घेऊ देणे’ असेही म्हटले जाते. परंतु ही केवळ आलंकारिक संज्ञा आहे. प्रत्यक्षात वाइनमधील काही बाष्पनशील द्रव्ये बाहेर पडतात आणि हवेतील ऑक्सिजन वाइनमध्ये विरघळतो.

डिकँटरशी आकाराने साम्य असलेले लांब मानेचे, फुगीर पोटाचे सुरई नावाचे पात्र भारतात पूर्वीपासून परिचित आहे. पाणी व मद्य या दोहोंसाठी सुरई वापरली जात असे.

इतिहास

प्राचीन काळ

आंबवलेले पेय निवळून घेण्याची पद्धत भारतात जुनी आहे. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे तयार करताना किण्वन पूर्ण झाल्यावर गाळ तळाशी बसू देतात व वरचा स्वच्छ द्रव गाळून घेतात. द्राक्षांपासून केले जाणारे द्राक्षासव याच पद्धतीने तयार होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यांच्या प्रकारांमध्ये द्राक्षरसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ अशी संज्ञा दिलेली आढळते.

धाराशिव जिल्ह्याचा वाइनच्या प्राचीन व्यापाराशी आलेला संबंध तेर या गावामुळे ज्ञात आहे. तेरणा नदीच्या काठी, धाराशिव तालुक्यात वसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा उल्लेख आहे. तेथून साधे कापड व मलमलीचे प्रकार गाड्यांमधून बॅरिगाझा, म्हणजे आजच्या भरूच, बंदराकडे जात असत. त्याच ग्रंथात बॅरिगाझा येथे येणाऱ्या मालाच्या यादीत वाइनचा समावेश आहे. त्यात इटलीची वाइन प्रमुख असून लाओडिशिया व अरबस्तान येथील वाइनचाही निर्देश आहे. राजासाठी आणल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तूंमध्ये उत्तम वाइनचा वेगळा उल्लेख केलेला आहे. तगरातील कापड ज्या मार्गाने बंदरात पोचे, त्याच मार्गाच्या टोकाला भूमध्य प्रदेशातील वाइन उतरत असे.

ही वाइन अँफोरा नावाच्या दोन कानांच्या, निमुळत्या तळाच्या मातीच्या कुंभांतून येई. दख्खनमध्ये नेवासा येथील उत्खननात अशा कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तू तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. अँफोऱ्याच्या आतील बाजूस राळेचा लेप दिलेला असे. त्यातील वाइनमध्ये गाळ राहत असल्यामुळे रोमन लोक ती धातूच्या चाळणीतून किंवा कापडातून गाळून, बहुधा पाणी मिसळून पीत.

काचपात्रांचा प्रसार

इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्ट यांनी १६७४ साली शिसेयुक्त काचेचे एकस्व मिळवले. या जड व चकचकीत काचेमुळे पुढील शतकात काचेचे डिकँटर युरोपातील श्रीमंत घरांत रूढ झाले. त्या काळी वाइन पिंपातून आणली जात असे व तिच्यात गाळ असणे स्वाभाविक होते. त्यामुळे डिकँटर ही शोभेपेक्षा गरजेची वस्तू होती. पुढे कारखान्यातच वाइन गाळून बाटलीत भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाल्यावर गाळाचे कारण मागे पडले आणि हवा देण्याचे कारण पुढे आले.

आधुनिक महाराष्ट्र

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीस १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे प्रारंभ झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्या धोरणानुसार नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. धाराशिव जिल्ह्यास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूज येथे फ्रातेली या कंपनीची वाइनरी असून तेथे सांजोवेसे या मूळच्या इटालियन वाणासह अनेक वाणांच्या वाइन तयार होतात.

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागा मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. थॉमसन सीडलेस व त्यापासून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका यांसारखे बिनबियांचे वाण या भागात परिचित आहेत. सोनाका हा वाण सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे विकसित झाला. ही द्राक्षे पातळ सालीची व बिनबियांची असतात. त्यांचा उपयोग खाण्यासाठी व बेदाण्यासाठी होतो. याउलट रेड वाइनसाठी लागणारी द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असतात. साल व बिया यांतूनच वाइनला रंग व टॅनिन हे तुरट द्रव्य मिळते. रेड वाइनला हवा देण्याचा प्रश्न मुळात या सालीतून व बियांतून येणाऱ्या घटकांमुळे निर्माण होतो.

शास्त्रीय आधार

गाळ कसा तयार होतो

रेड वाइन बाटलीत अनेक वर्षे राहिल्यावर तिच्यातील रंगद्रव्ये व टॅनिन यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात व द्रवात टिकून राहू शकत नाहीत. ते गडद तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसतात. यामुळेच जुन्या वाइनचा रंग फिकट विटकरी होतो व तुरटपणा कमी होतो. याखेरीज थंडीमुळे टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार स्फटिकरूपाने वेगळे होतात. ते काचेच्या बारीक कणांसारखे दिसत असल्यामुळे अनेकदा भीती उत्पन्न होते. परंतु ते निरुपद्रवी असतात. जी वाइन मुद्दाम कमी गाळून बाटलीत भरली जाते, तिच्यात मृत यीस्टचे सूक्ष्म कणही राहतात. कोणत्याही प्रकारचा गाळ अपायकारक नसतो. तो कडवट व रेताड लागतो आणि वाइनची पारदर्शकता घालवतो, एवढ्यासाठीच तो वेगळा करतात.

हवेमुळे काय घडते

बंद बाटलीत ऑक्सिजनच्या अभावी गंधकाची काही संयुगे साचून राहतात. हायड्रोजन सल्फाइडमुळे सडक्या अंड्यासारखा, तर इतर संयुगांमुळे जळालेल्या काडीसारखा किंवा रबरासारखा वास येतो. स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्यांमध्ये हवेचा शिरकाव अत्यल्प असल्यामुळे असा वास काही वेळा अधिक जाणवतो. वाइन ओतताना ही बाष्पनशील संयुगे बऱ्याच अंशी उडून जातात व त्यांच्याखाली झाकलेला फळांचा गंध जाणवू लागतो. तरुण वाइनमध्ये विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. त्यामुळे जिभेवरील चरचर कमी होते.

त्याच वेळी ऑक्सिजन वाइनमध्ये विरघळतो. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानास हवेशी पूर्ण संपर्क आलेल्या एक लिटर वाइनमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. हा ऑक्सिजन वाइनमधील घटकांशी हळूहळू संयोग पावतो. ही क्रिया फार लांबल्यास अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते, गंध मंदावतो व चव चपटी लागते.

हवेच्या संपर्काचे प्रमाण मुख्यतः पृष्ठभागावर अवलंबून असते. ७५० मिलिलिटरच्या नेहमीच्या बाटलीच्या मानेचा आतील व्यास २ सेंटिमीटरहूनही कमी असतो. म्हणजे हवेला उघडा असलेला पृष्ठभाग ३ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो. हीच वाइन १८ सेंटिमीटर व्यासाच्या रुंद भांड्यात ओतल्यास पृष्ठभाग सुमारे २५० चौरस सेंटिमीटर होतो. यावरून केवळ बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवल्याने विशेष काही साधत नाही, हे स्पष्ट होते. प्रत्यक्ष ओतताना होणारी घुसळण तर स्थिर ठेवण्यापेक्षाही परिणामकारक असते.

मतभेद

हवा दिल्याने टॅनिन ‘मऊ’ होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु टॅनिनच्या रचनेत लक्षणीय बदल होण्यास महिने वा वर्षे लागतात; तासाभरात होणारा बदल अत्यल्प असतो. वाइन कमी तुरट वाटते याचे कारण बहुधा गंधातील बदल, कार्बन डायऑक्साइड निघून जाणे आणि तापमान वाढणे यांत असते. फ्रेंच वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांनी केवळ गाळ असेल तरच वाइन दुसऱ्या पात्रात ओतावी, तीही देण्याच्या अगदी आधी, असे मत मांडले. दीर्घ काळ हवा दिल्याने गंधाची तीव्रता घटते, अशी त्यांची भूमिका होती. याच्या उलट टोकास अमेरिकेतील नेथन मिरवोल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकशास्त्रविषयक ग्रंथात तरुण वाइन मिक्सरमध्ये फिरवून क्षणार्धात हवा देण्याची पद्धत सुचवली. या मतभेदांमुळे थोडी वाइन आधी चाखून मगच निर्णय घ्यावा, या सल्ल्यास सामान्यतः मान्यता आहे.

कोणत्या वाइनला काय आवश्यक

तरुण व तुरट वाइन: काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, टेंप्रानियो, सांजोवेसे यांसारख्या वाणांच्या एक ते पाच वर्षे वयाच्या वाइनला २० मिनिटे ते एक तास हवा देणे उपयुक्त ठरते.

हलकी रेड वाइन: पिनो न्वारसारख्या कमी टॅनिनच्या वाइनला बहुधा हवा देण्याची गरज नसते. प्याल्यात फिरवणे पुरेसे होते.

जुनी वाइन: दहा-पंधरा वर्षांहून जुनी वाइन केवळ गाळासाठी निवळावी व लगेच द्यावी. तिला रुंद भांड्यात ठेवू नये. अरुंद पात्र अधिक योग्य.

व्हिंटेज पोर्ट: या पोर्तुगीज गोड वाइनमध्ये दाट गाळ असतो, ती निवळणे आवश्यक मानले जाते.

नेहमीची स्वस्त रेड वाइन: ही लगेच पिण्यासाठीच तयार केलेली असते. वास कोंदट वाटल्यास जगात ओतून घेणे पुरेसे आहे.

घरगुती पद्धत

साहित्य

खास डिकँटर आवश्यक नाही. एक लिटरहून मोठा, रुंद तळाचा काचेचा जग तेच काम करतो. काचेचा जग नसल्यास स्टेनलेस स्टीलचे स्वच्छ भांडे चालते. मात्र त्यातून गाळ व रंग दिसत नाही. जुन्या वाइनसाठी बारीक जाळीची गाळणी किंवा स्वच्छ मलमलीचे कापड आणि मेणबत्ती अथवा मोबाइलचा दिवा हाताशी असावा. कापडास साबणाचा किंवा कपाटातील डांबरगोळीचा वास असता कामा नये. वापरण्यापूर्वी ते साध्या पाण्यात खळबळून घट्ट पिळून घ्यावे. जगास लसूण, फोडणी अथवा लोणच्याचा वास राहिलेला असल्यास तो वाइनमध्ये लगेच उतरतो.

गाळ असलेली वाइन निवळणे

१. बाटली किमान एक दिवस आधी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आडव्या ठेवलेल्या बाटलीतील गाळ एका कडेला चिकटलेला असतो व तो खाली येण्यास वेळ लागतो.

२. बाटली न हलवता बूच सावकाश काढावे व बाटलीचे तोंड आतून-बाहेरून पुसून घ्यावे. जुनी बुचे ठिसूळ असतात. तुकडे पडल्यास वाइन गाळणीतून ओतावी.

३. बाटलीच्या खांद्याखाली दिवा येईल अशा रीतीने बाटली धरावी. एका हातात भांडे तिरपे धरून त्याच्या कडेवरून बारीक धारेने, मध्ये न थांबता वाइन ओतावी. मध्येच बाटली सरळ केल्यास गाळ पुन्हा ढवळला जातो.

४. दिव्याच्या प्रकाशात गाळाची काळसर रेघ बाटलीच्या खांद्यापाशी आलेली दिसताच ओतणे थांबवावे. साधारण दोन ते तीन मोठे चमचे वाइन बाटलीत उरते. ती स्वयंपाकात वापरता येते.

५. निवळलेली वाइन लगेच प्याल्यात द्यावी.

तरुण वाइनला हवा देणे

१. प्रथम थोडी वाइन प्याल्यात घेऊन तिचा वास घ्यावा व चव पाहावी. गंध मोकळा व चव सुखद असल्यास पुढील कृतीची गरज नाही.

२. वास कोंदट किंवा चव फार तुरट वाटल्यास संपूर्ण बाटली जगात थोड्या उंचीवरून ओतावी. येथे बारीक धारेचे बंधन नाही. उलट धार फुटून फेस येणे इष्ट असते.

३. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडी वाइन चाखावी. गंध खुलल्यावर अधिक काळ थांबू नये.

४. वेळ नसल्यास वाइन एका जगातून दुसऱ्या जगात तीन-चार वेळा ओतावी. चहा निववण्यासाठी घरोघरी जे केले जाते तेच येथे केले जाते.

५. बाटलीवरील लेबल पाहुण्यांना दिसावे असे वाटत असल्यास बाटली पाण्याने खळबळून, निथळून तीच वाइन पुन्हा तिच्यात भरता येते. यास दुहेरी डिकँटिंग म्हणतात. यामुळे हवाही अधिक मिळते.

प्याला एकतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. रिकाम्या राहिलेल्या भागात गंध साठतो व प्याला फिरवणे शक्य होते. प्यालातच काही वेळ फिरवल्याने जगात ठेवण्याचे बरेचसे काम साधते. त्यामुळे एक-दोन माणसांसाठी पूर्ण बाटली ओतण्याची आवश्यकता नसते.

उष्ण हवामानातील तापमान

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानास’ द्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांतून आलेला आहे. तेथे त्याचा अर्थ सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस असा होतो. बालाघाटच्या पठारावर पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि घरातील तापमानही ३० अंशांहून अधिक राहते. अशा तापमानास अल्कोहोलचा झणका वाढतो, फळांचा गंध दबतो व वाइन जड लागते. ही लक्षणे पुष्कळदा हवा न दिल्याची समजली जातात व वाइन अधिक वेळ उघडी ठेवली जाते. त्यामुळे ती आणखी तापते व बिघडते. म्हणून उष्ण प्रदेशात आधी तापमान व नंतर हवा हा क्रम पाळावा लागतो.

तापलेली बाटली फ्रिजमध्ये एक ते दीड तास ठेवल्यास किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवल्यास योग्य तापमानास येते. वाइन जगात ओतल्यावर रुंद पृष्ठभागामुळे ती लवकर तापते. त्यामुळे जग गार पाण्याच्या परातीत किंवा पातेल्यात ठेवावा. बर्फ उपलब्ध नसल्यास जगाभोवती ओले सुती कापड गुंडाळून तो वाऱ्यावर ठेवता येतो. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच बाष्पीभवनाच्या तत्त्वाने वाइनचे तापमान काही अंशांनी उतरते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चालतो. पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो. वाइनमध्ये थेट बर्फ घातल्यास ती पातळ होते.

उन्हाळ्यात हवा देण्याचा कालावधी निम्म्यावर आणणे योग्य असते, कारण तापमान वाढले की ऑक्सिजनशी होणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. बंद बाटल्यांची साठवणही उन्हापासून दूर, घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या जागी करावी. पत्र्याच्या छपराखाली किंवा उभ्या असलेल्या मोटारीत राहिलेल्या बाटलीतील वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलले जाते. अशी शिजल्यासारखी चव आलेली वाइन कोणत्याही प्रकारे हवा देऊन सुधारत नाही.

भांड्यांविषयी सावधगिरी

वाइन आम्लधर्मी असते. रेड वाइनचा सामू साधारण ३.३ ते ३.८ असतो. त्यामुळे भांड्याच्या धातूची निवड महत्त्वाची ठरते. मराठी घरांत पितळी व तांब्याची भांडी सन्मानाने वापरली जातात आणि समारंभात त्यांचा मोह होणे साहजिक आहे. परंतु कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार वा आमटी जशी कळकते, तशीच वाइनही कळकते. तांबे वाइनमध्ये उतरते, चव धातूसारखी होते व असे पेय पोटास अपायकारक ठरू शकते. शिवाय तांब्याच्या अंशामुळे ऑक्सिडीकरणाचा वेगही वाढतो. ॲल्युमिनियमची भांडीही टाळावीत. मातीची भांडी सच्छिद्र असल्यामुळे वाइन शोषून घेतात व आधीचा वास तिला देतात.

जुन्या पद्धतीच्या शिसेयुक्त क्रिस्टल काचेच्या डिकँटरमध्ये वाइन दीर्घकाळ साठवणे धोक्याचे आहे. अशा पात्रांत काही महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचे प्रमाण अतिशय वाढल्याचे १९९१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. एका संध्याकाळपुरत्या वापरात शिसे उतरण्याचे प्रमाण बरेच कमी असते. तरीही साध्या किंवा शिसेविरहित काचेचे पात्र वापरणे श्रेयस्कर होय.

वापरानंतर डिकँटर लगेच कोमट पाण्याने धुवावा. अरुंद मानेमुळे आत हात जात नसल्यास मूठभर तांदूळ व थोडे पाणी घालून भांडे गोल फिरवल्यास डाग निघतात. धुतल्यावर ते उपडे ठेवून पूर्ण निथळू द्यावे.

मर्यादा व गैरसमज

हवा दिल्याने वाइनमधील सर्व दोष दूर होत नाहीत. बुचातील एका संयुगामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बुरशीसारखा वास येणारी वाइन हवा दिल्यावरही तशीच राहते. पुष्कळदा तो वास अधिक स्पष्ट होतो. आधीच ऑक्सिडीकरण झालेली किंवा व्हिनेगरकडे झुकलेली वाइन हवेने आणखी बिघडते. मूळची सामान्य वाइन महागड्या डिकँटरमध्ये ओतल्याने उंची होत नाही.

हवा दिल्याने वाइनमधील अल्कोहोल उडून जाते, हा समज चुकीचा आहे. रेड वाइनमध्ये साधारणतः १२ ते १५ टक्के अल्कोहोल असते आणि तासाभरात त्यात होणारी घट नगण्य असते. त्याचप्रमाणे परिरक्षक म्हणून वापरलेले सल्फाइटही पूर्णपणे निघून जात नाहीत. दम्याच्या ज्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांच्यासाठी ही क्रिया संरक्षण ठरत नाही.

उरलेली वाइन जगात रात्रभर ठेवू नये. ती लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते. उष्ण स्वयंपाकघरात उघड्या राहिलेल्या वाइनमध्ये ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढून ती आंबट होते.

आरोग्य व कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलच्या सेवनाची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नसल्याचे नमूद केले. हे विधान रेड वाइनलाही लागू आहे. डिकँटरमधून ओतलेल्या वाइनचे प्रमाण मोजणे कठीण जाते, कारण बाटलीतील घटती पातळी डोळ्यांसमोर नसते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून प्रत्येकी १५० मिलिलिटरचे पाच प्याले होतात, हा हिशेब त्यासाठी उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात मद्याची विक्री, बाळगणे व सेवन यांचे नियमन १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये होते आणि वाइनही त्याच्या कक्षेत येते. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्यामागील कारण सांगितले गेले, तर व्यसनाधीनता वाढेल या कारणास्तव त्यास सामाजिक व राजकीय स्तरांतून विरोध झाला. वाइनकडे शेतीमालावर प्रक्रिया करून केलेले उत्पादन म्हणून पाहावे की मद्य म्हणून, हा वाद यानिमित्ताने महाराष्ट्रात व्यापक प्रमाणावर चर्चिला गेला.